सासू विकणे आहे, परत घेतली जाणार नाही

५ मार्च

आज सासू पेरली. दरवर्षीप्रमाणे जास्त झाली. माझा हात पेरतानाच तेवढा सढळ असतो, एरवी कुणी तसा आरोप केलेला नाही. खिडक्यांच्या कट्ट्यांवर दह्याचे रिकामे कप, कपाटावर कप, न्हाणीघरात टबावर फळ्या टाकून त्यांच्यावर कप. आता मे महिन्यापर्यंत अंघोळ म्हणजे बेसिनपाशी उभं राहून तोंड, मान, बगला.

सासू म्हणजे टोमॅटो. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. महायुद्ध संपल्यावर माझ्या सासूला, हेडविगला, सिलेशियातून, म्हणजे जर्मनीचा जो मुलूख पोलंडला गेला तिथून, हाकलून दिलं तेव्हा तिने कोटाच्या अस्तरात बी शिवून आणलं. चांदीचे चमचे मागे राहिले, टोमॅटो आला. माझा नवरा लोथार त्याला आईचा टोमॅटो म्हणायचा. मी सासू म्हणते. उशिरा लाल होते, पण झाली की महिनाभर उतरत नाही. अंगभर सुरकुत्या. जरा पाऊस लागला की तडकते. चवीला मात्र तोड नाही. हेडविगच्या हाताला पण नव्हती, हे ती गेल्यावर म्हणायला हरकत नाही.

बियाणंवाल्याने फुकट दिलेल्या कॅलेंडरवर लिहिते आहे. तारखेच्या चौकोनात मावत नाही, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर.

१९ मार्च

सगळी उगवली. एकही मेली नाही. सासवाच त्या.

डोरीन आली होती, माझी सून. स्टेफेन ट्रक घेऊन पोलंडला गेलाय, म्हणजे तो नेहमीच कुठेतरी गेलेला असतो, आणि माझ्याकडे बघायला सून येते. ती दातांच्या डॉक्टरकडे स्वागताच्या टेबलाशी बसते. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगायचं, म्हणून तिचं स्वतःचं मिटत नाही. न्हाणीघरात डोकावून म्हणाली, आई, तू एवढी रोपं करतेस काय? मी म्हटलं, देते. कुणाला, म्हणाली. खरं आहे तिचं. बागसंघात, म्हणजे जिथे आम्ही सगळ्यांनी बागेचे छोटे प्लॉट भाड्याने घेतलेत तिथे, मी खोकं घेऊन दिसले की लोक आपापल्या प्लॉटवरच्या झोपडीत शिरून दार लावून घेतात. सगळ्यांकडे सासू आहे. उर्सेल क्रेचमार तेवढी दरवर्षी हौसेने मागून न्यायची, तीही गेल्या शरदात गेली.

डोरीन म्हणाली, मोबाइलवर टाकू. लोक जुने सोफे, ढकलगाड्या, लग्नाचे कपडे विकतात ती साइट. माझ्या नावाने खातं उघडलं, कपाचा फोटो काढला आणि लिहायला लागली. वाचून दाखव म्हटलं तर असं होतं:

सासू विकणे आहे. जुनी, दणकट, सुरकुतलेली. ऊन लागतं, बोलून घेत नाही. सिगारेट न ओढणाऱ्यांच्या, प्राणी नसलेल्या घरातली. खाजगी विक्री, हमी नाही, परत घेतली जाणार नाही.

मी विचारलं, टोमॅटोचा सिगारेटशी काय संबंध? म्हणाली, सगळे लिहितात. आणि शेवटचं वाक्य तर लिहावंच लागतं, तो मंत्र आहे. तो लिहिला की माणूस खाजगी राहतो, नाहीतर घेणारा उद्या दारात उभा, हे नको म्हणून. बरं, म्हटलं. लिहिताना ती फिदीफिदी हसत होती. हिला हसायला फार थोडं लागतं.

२२ मार्च

मोबाइल पाव ठेवायच्या डब्यात ठेवलाय, सारखा वाजतो म्हणून. डब्यातूनही ऐकू येतो.

लोकांना झालंय काय कळत नाही. एकाने लिहिलंय, माझीही घेऊन जा, वर पेट्रोलचे पैसे देतो. एक बाई विचारते, सासू झोपते कुठे. एक म्हणतो, आमच्या घरी आधीच एक आहे, दोन एका खोलीत चालतील का? त्याला मी नीट उत्तर दिलं की मध्ये हातभर अंतर ठेवा आणि पानं एकमेकींना लागू देऊ नका. त्याने हसून रडणारी पाच तोंडं पाठवली. डोरीनला सांगितलं तर तिला तिथेच खाली बसावं लागलं.

पण येताहेत माणसं. दारात येतात, कप घेतात, जातात.

२९ मार्च

मी वाटेल त्याला देत नाही. मुलगी द्यायची तर घर बघतात, इथे तर सासू द्यायची आहे. खिडकी कुठल्या दिशेची, पाणी कोण घालणार, मे महिन्यात फिरायला जाणार का, सगळं विचारते. एका बाईची बाल्कनी उत्तरेची निघाली. तिला लिहिलं, तुम्ही नेचे लावा. एक पांढरे बूट घालून आला होता, त्या बुटांवर मातीचा ठिपका नव्हता. त्याला म्हटलं, संपले. त्याच्या समोर टब भरून दिसत होता. बरेच जण नुसतं लिहितात, शेवटची किंमत काय. ना नमस्कार, ना चमत्कार. त्यांना लिहिते, तुमच्यासाठी नाहीच.

एक जरा बरा निघाला. नाव लावलंय काटकोन५४. भूमितीचा मास्तर असणार. लिहितो शुद्ध, पूर्णविराम देतो. विचारलं, रोप पूर्ण वाढलं की उंची किती होते, सेंटिमीटरमध्ये. म्हटलं, तुमच्या नाकापर्यंत, पुढे तुम्ही मोजा. घरी यायला मात्र तयार नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीत ठेवा, मी घेऊन जाईन म्हणतो. ठेवलं. बेकरीवाली माझ्याकडे बघून उगाचच गालात हसली.

४ एप्रिल

काटकोनाचं रोप मेलं. ऊन आहे बघून बाहेर ठेवलं म्हणे, एप्रिलमध्ये! इथलं शेंबडं पोरही जाणतं की मेच्या मध्यावर थंड सोफीचा दिवस उलटल्याशिवाय टोमॅटो उंबरा ओलांडत नाही. सोफी संतीण असेल, पण मे महिन्यात हिमाचा शेवटचा तडाखा तीच मारते. त्याला तसं लिहिलं आणि वर गाढव म्हटलं. त्याने लिहिलं, बरोबर आहे, दुसरं मिळेल का. मी म्हटलं, आधी खिडकीचा फोटो पाठवा.

पाठवला. खिडकी दक्षिणेची, काच स्वच्छ. कट्ट्यावर मोकळ्या जागेशेजारी घडीची पिवळी लाकडी पट्टी उघडून ठेवलेली, किती जागा आहे ते मला दिसावं म्हणून. असला माणूस मी आजवर एकच पाहिला होता. म्हणजे जगात दोन आहेत. देवाची लीला.

दुसरं दिलं.

८ एप्रिल

काटकोन रोज लिहितो. आज सात सेंटिमीटर, आज साडेसात. मी त्याला काडीला रोप कसं बांधायचं ते सांगितलं: लाल लोकर, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, गाठ डावीकडे. असं कुठे लिहिलेलं नाही, मी सूतगिरणीत होते म्हणून मला सुचलं. तो म्हणाला, माझी बायको दरवर्षी हाच टोमॅटो एका ओळखीच्या बाईंकडून आणायची, आता ती नाही. मी लिहिलं, मग त्या बाईंकडेच जायचं, ओळखीत फुकट मिळेल. म्हणाला, त्यांच्याशी बोलणं आता तुम्हीवर आलं आहे.

मी लिहिलं, मग चूक तुमचीच असणार. बाई उगाच तुम्हीवर जात नाही.

मग आलं: चूक अर्धी-अर्धी असावी. मोजून सांगता येणार नाही.

मास्तर बरा बोलतो. पण एकदा तू म्हणून परत तुम्ही म्हणायची पाळी आणली म्हणजे यानेही काहीतरी केलंच असणार. मला ठाऊक आहे ना. बागसंघात सगळे एकमेकांना तू म्हणतात, तशी रीतच आहे. तीन वर्षांपूर्वी रायनर क्रेचमार अध्यक्ष झाला आणि पहिल्याच रविवारी पट्टी घेऊन माझं कुंपण मोजायला आला. झुडपं सव्वा मीटरच्या वर वीतभर गेली होती. लोथारने लावलेली. चारचौघांत म्हणाला, इर्मी, नियम सगळ्यांना सारखा. मी झुडपं कापली, आणि माझं तू परत घेतलं. त्या दिवसापासून क्रेचमारसाहेब, तुम्ही. त्याची उर्सेल बिचारी दोघांच्या मध्ये कुंपणावरून टोमॅटो नेत राहिली. तिच्या मातीलाही मी त्याला तुम्हीच म्हटलं, आणि हात मिळवला.

१२ एप्रिल

आज साइटकडून मेसेज. तुम्ही एकाच प्रकारच्या अनेक नव्या वस्तू सतत विकता असं दिसतं. तुम्ही हे धंदा म्हणून करता का? हो किंवा नाही निवडा.

पन्नास वर्षं इथल्या गिरणीत आणि या गल्लीत काढली, असं तोंडावर मला कुणी विचारलं नव्हतं. डोरीनला कामावर फोन लावला आणि म्हटलं, मला धंदा करतेस का विचारतात, या वयात. तिचा फोन टेबलावर स्पीकरवर होता. पलीकडे दाढ धरून बसलेली माणसं असणार. कुणालातरी जोरात ठसका लागला.

संध्याकाळी येऊन तिने समजावलं. तो धंदा नाही गं आई, हा नुसता धंदा. साधा, दुकानदारीचा. धंदेवाईक म्हटलं तर घेणाऱ्याला चौदा दिवसांत कारण न देता माल परत करता येतो. म्हणजे सासू परत, कारण न देता. मी म्हटलं, एकाहत्तर साली, माझ्या लग्नाच्या वेळी, हा नियम असता तर किती बरं झालं असतं. डोरीन म्हणाली, हेडविगआजीलाही तेच वाटलं असेल, सून परत. तोंड मिटत नाही हिचं.

आणखी एक. धंद्यातल्या रोपाला पासपोर्ट लागतो, दुसऱ्या गावी पाठवायचं तर. थट्टा करते वाटलं, पण नाही, खरंच पासपोर्ट म्हणतात. पूर्व जर्मनी होता तोवर या देशाने अर्धं आयुष्य मला पासपोर्ट दिला नाही, आता टोमॅटोला देतोय.

डोरीन म्हणाली, नाही निवड आणि मोकळी हो. मी काहीच दाबलं नाही. नाही म्हणायचं तर खोटं, विकते तर आहेच. आणि हो म्हणायचं तर माझा हात वळत नाही. बापाचा ब्रशचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तो, मामा आणि एक यंत्र. दारावर पाटी होती. बहात्तर साली सरकारची माणसं आली आणि यंत्र, पाटी दोन्ही घेऊन गेली. बाप त्याच खोलीत पगारावर बसला. तेव्हापासून आमच्यात कुणी पाटी लावली नाही. लावली की कुणीतरी घ्यायला येतं.

मोबाइल परत पावाच्या डब्यात.

१५ एप्रिल

आले घ्यायला.

बागेत वाफा उकरत होते. क्रेचमार फाटकाबाहेर उभा राहिला. आत आला नाही, तेवढी शिस्त आहे. कुणीतरी माझ्या जाहिरातीचा कागद संघाच्या फळ्यावर लावला होता. तो त्याने नीट चार घड्या करून खिशात घातलेला.

"प्योशेलबाई," तो म्हणाला, "तुम्ही प्लॉटवर धंदा करता अशी तक्रार आहे."

"क्रेचमारसाहेब, मी टोमॅटो लावते. कुंपण मोजून झालं असेल तर पानं मोजा."

"नियम असा आहे की प्लॉटवर जे पिकेल ते घरच्या ताटासाठी. धंदा सिद्ध झाला तर प्लॉट काढून घ्यावा लागतो. पंचवीसला सभा आहे." हे तो माझ्याकडे न बघता लोथारच्या आलुबुखाराच्या झाडाकडे बघून म्हणाला.

मी सांगितलं की रोपं घरी टबावर वाढतात. त्याने विचारलं, बी कुठलं? मी म्हटलं, याच तेवीस नंबरच्या प्लॉटचं. खोटं बोलता आलं असतं. पण त्याला ठाऊक आहे, उर्सेल कुठून न्यायची ते.

तो गेल्यावर बाकावर बसले. हा बाक, ही झोपडी लोथारने गिरणीतल्या सुताच्या खोक्यांच्या फळ्यांची केली. आतल्या भिंतीवर अजून उलटं 'कोरडं ठेवा' लिहिलेलं दिसतं. शहरातली तरुण जोडपी प्लॉटसाठी रांगेत आहेत, मला काढलं तर दुसऱ्या दिवशी इथे झोपाळा लागेल. फ्लॅट मला झोपायला आहे. राहते मी इथे.

संध्याकाळी काटकोनाचा मेसेज. रोपाचं सोडून भलतंच. तब्येत कशी आहे, आणि जाहिरात काही दिवस काढून ठेवलेली बरी, असं मला वाटतं. मी लिहिलं, तुम्हाला काय करायचंय, तुमचं रोप घाबरलं का? जाहिरात काढली म्हणजे कबूल केलं असं होतं. राहू दे.

त्याने लिहिलं, तुम्ही तशाच आहात. कशीच म्हणे? मला बघितलंय कुठे त्याने.

२१ एप्रिल

काटकोनाने तिसरं मागितलं. दुसरं चांगलं आहे, पण एकटं दिसतं म्हणे. मास्तर हळवा होत चाललाय. दिलं. आणि पैसे बेकरीवालीकडे ठेवले होते ते परत करायला लावले. तिसरं ओळखीतलं.

मग वाटलं, हे सभेत कळलं तर बरं का वाईट? फुकट देणं म्हणजे धंदा नाही. पण मग आधीची दोन? डोकं दुखायला लागलं. गिरणीत बरं होतं, धागा तुटला की दिसायचा.

२६ एप्रिल

काल सभा झाली. आज लिहिते, काल घरी यायला उशीर झाला.

संघाच्या खोलीत सगळे. बिअर, भाजलेल्या सॉसेजचा वास, पुढे टेबलाशी क्रेचमार, हातात ती पट्टी, घंटा असावी तशी. डोरीन माझ्याबरोबर आली होती. नको म्हटलं होतं.

त्याने तक्रार वाचली. मग मला विचारलं, हे तुम्ही सातत्याने करता? मी म्हटलं, पन्नास वर्षं, दर मार्चला. डोरीनने कपाळाला हात लावला. त्याने विचारलं, पुढच्या वर्षी थांबाल? हा प्रश्न त्याने हळू विचारला, हो म्हण असं सांगावं तसा. मी म्हटलं, बियाला नियम वाचता येत नाही, मार्च आला की ते उगवतं, आणि उगवलेलं मी फेकत नाही. कुणीतरी बिअरचा ग्लास ठेवला तो ऐकू आला. मला कळलं की प्लॉट गेला.

तेवढ्यात डोरीन उठली. क्रेचमार म्हणाला, पाहुण्यांना सभेत बोलता येत नाही. ती उभीच. त्याने पट्टीची एक घडी उघडली, मिटली, आणि म्हणाला, "वाचून दाखवण्याबद्दल मात्र नियमांत काही नाही."

डोरीनने माझा मोबाइल काढला. पावाच्या डब्यातून कधी उचलला देव जाणे. आणि मी लोकांना लिहिलेलं वाचायला लागली.

शेवटची किंमत काय? — तुमच्यासाठी नाहीच. आमची बाल्कनी उत्तरेला आहे — नेचे लावा. दोन घेतले तर सूट? — दोन घेतले तर दोनदा चौकशी करीन. आम्ही मेमध्ये मायोर्काला जातोय — मग सासूला तिकडे न्या, नाहीतर प्लास्टिकची घ्या.

आधी मागे कुणीतरी खुदकलं, मग सगळी खोली. आठ नंबरवाला डोळे पुसत होता. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी खरं तेच लिहिलंय. डोरीन वाचतच राहिली. मग आलं: "काटकोन५४: रोप आज अकरा सेंटिमीटर. पानं खाली वळली आहेत. काय करू?" — "मोजणं बंद करा, लाजतंय ते. त्याच्याशी बोला. घरात दुसरं कुणी नसेल तर आणखीच बोला."

इथे ती अडखळली. मोबाइलकडे बघितलं, मग पुढच्या टेबलाकडे. क्रेचमारचे कान टोमॅटोसारखे झाले होते. आमच्या, म्हणजे उशिरा लाल होणाऱ्या. तो पट्टी घडी घडी मिटत होता आणि ती मिटता मिटत नव्हती.

"पुढचे खाजगी आहेत," डोरीन म्हणाली, आणि खाली बसली.

बरं केलं. त्यातच कुठेतरी मी त्या मास्तराला गाढव म्हटलं होतं, चारचौघांत नको.

क्रेचमार उठला. घसा साफ केला.

"धंदा म्हणजे मागेल त्याला विकणं," तो म्हणाला. "या सभासदांनी मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना हाकलून दिलेलं आहे. अशा रीतीने कुणाचाही धंदा चालू शकत नाही. तसं इतिवृत्तात लिहा."

हात वर झाले, सगळ्यांचे. अट एवढीच, जाहिरात काढायची आणि उरलेली रोपं थंड सोफीनंतरच्या शनिवारी संघाच्या टेबलावरून ज्याला हवी त्याला द्यायची, पैसे न घेता.

प्लॉट राहिला. आणि मी धंद्याला नालायक आहे हे एकमताने ठरलं. घरी येताना डोरीन ट्राममध्ये माझा दंड धरून होती. मी म्हटलं, पडत नाहीये मी. म्हणाली, ठाऊक आहे. सोडला मात्र नाही. मीही सोडवून घेतला नाही, गर्दी होती.

२७ एप्रिल

जाहिरात काढली. काढायच्या आधी काटकोनाला शेवटचं लिहिलं: सोफीचा दिवस उलटल्यावरच बाहेर. बादलीएवढी कुंडी. खालची पानं काढा. आणि त्या ओळखीच्या बाईंकडे जा, खाणार नाहीत तुम्हाला.

त्याने लिहिलं, खात्री नाही, पण प्रयत्न करतो.

आता तो मोबाइल वाजत नाही. पावाच्या डब्यात पाव ठेवला. त्या माणसाची दोन रोपं आता कोण बघणार कुणास ठाऊक. मला काय त्याचं.

१५ मे

थंड सोफी. पहाटे गवत पांढरं झालं होतं, म्हातारी आलीच. दुपारपर्यंत गेली. टब रिकामा केला. दहा आठवड्यांनी अंघोळ केली, पूर्ण बुडून.

१६ मे

टेबल मांडलं. मला वाटलं होतं लोक परत झोपड्यांत शिरतील. रांग लागली. मी प्रत्येकाला खिडकीची दिशा विचारली, तेही हसत सांगत होते. पैसे घ्यायचे नव्हते, तर कुणी कॉफीचं पाकीट ठेवलं, कुणी अंडी, कुणी रुबार्बच्या आंबट देठांची जुडी. ज्याच्यावर मला त्या फळ्यावरच्या कागदाचा संशय आहे त्याने दोन नेली. त्याला मुद्दाम वाकडी दिली.

क्रेचमार सकाळी टेबल सरळ लागलंय का बघून गेला, मग फिरकला नाही.

संपल्यावर टेबलाखालचे लाकडी घोडे परत ठेवायला निघाले. वाट त्याच्या प्लॉटवरून जाते. त्याच्या झोपडीच्या खिडकीत दह्याचे कप दिसले. दोन. एक रिकामा, त्यातलं रोप बाहेर पायरीवर, नुकतं कुंडीत लावलेलं. कपांवर माझं अक्षर. पहिल्यांदा मनात आलं, पुरावा. जप्त करून ठेवलेत मेल्याने, पुढच्या सभेसाठी.

मग काडी दिसली. लाल लोकर, आठाच्या आकड्यासारखी, गाठ डावीकडे. ते मी आख्ख्या जगात एकाच माणसाला शिकवलं होतं. शेजारी घडीची पिवळी पट्टी, उघडी.

घोडे खाली ठेवले. जड होते.

तो मागून आला, हातात झारी. मला बघून थांबला. झारी कलती झाली होती आणि पाणी त्याच्या बुटावर पडत होतं, त्याला पत्ता नाही. तोंड उघडं राहिलं. डोरीनच्या दवाखान्यातला पेशंट जसा. मला म्हणायचं बरंच होतं. गाढव तर म्हणून झालं होतं. उर्सेलचं काहीतरी म्हणायचं होतं.

"कुंडी लहान आहे तुझी, रायनर," मी म्हटलं.

त्याने कुंडीकडे बघितलं.

"आहे खरी," तो म्हणाला. "मोठी उर्सेल आणायची. मला अंदाज नाही. तू सांग, इर्मी."

मी दोन्ही हातांनी दाखवलं, एवढी. त्याने पट्टी उचलली नाही. हातांकडे बघून मान हलवली.

संध्याकाळी डोरीन कॉफीची पाकिटं न्यायला आली. तिला एवढंच सांगितलं की क्रेचमारची कुंडी लहान होती. ती नुसती हसली, आणि मला वाटतं हिला केव्हाचं ठाऊक होतं. बेकरीवालीलाही. मी वाटते तेवढी हुशार नाही, पण हे तिला सांगणार नाही.

मोबाइल बघून म्हणाली, साइट अजून तेच विचारते आहे, उत्तर दिलं नाही तर खातं बंद करतील. "आई, काय दाबू? धंदा की खाजगी?"

"खाजगी."

"आणि खात्याखालचं ते वाक्य, परत घेणार नाही ते? ते राहू दे का?"

"राहू दे," मी म्हटलं. "दिलं ते दिलं. या वेळी परत घेणार नाही."